डबीतली बडीशेप

करमाडला घरामागं सांडपाण्यावर मी बडीशेपेचा वाफा केला, तो नवऱ्याचा गुटखा सुटावा म्हणून. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. पाळीभर उभं राहायचं, म्हणून गालात कायम पुडी. गाल आतून पांढरा पडलेला. जरा तिखट लागलं की ताटावरून उठायचे.

"तोंडात काहीतरी लागतंच मला," म्हणाले.

"मग बडीशेप चघळा," मी म्हटलं.

दिवाळीनंतर पेरली. रोपं कमरेच्या वर गेली. कोवळा पाला मी पिठल्यात घालायची, तो त्यांना आवडायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला दाणे भरले, तसे तुरे खुडून सावलीत वाळवले. मिठाचं पाणी शिंपडून तव्यावर मंद भाजायची आणि रोज डबी भरून त्यांच्या खिशात घालायची. घरी येताना डबी रिकामी असायची. दोन वर्षं मी त्यावरच खूश. शेजारणीला सांगायची, सुटला एकदाचा.

मग त्यांचं तोंड उघडेना. दोन बोटंसुद्धा आत जाईनात. भाकरी दुधात कुस्करून द्यायची, तर तीही बाहेर यायची. शहरात नेलं तेव्हा गाठ निघाली. अर्धा जबडा काढला.

दवाखान्यात त्यांच्या पाळीतले दोघं भेटायला आले. त्यातला एक भाबडेपणानं म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातची बडीशेप लई भारी. जेवण झालं की आम्ही सगळे डबीवर तुटून पडायचो."

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

माणसं गेल्यावर विचारलं, "तुम्ही खाल्लीच नाय?"

बोलता येत नव्हतं. दोन बोटं वर केली.

"दोनच दिवस खाल्ली?"

त्यांनी होकाराची मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला ओरडायचं होतं, पण नाकात नळी घातलेल्या माणसावर काय ओरडणार.

घरी आणल्यावर नळीतूनच ज्वारीची आंबील गाळून सोडायची. पोट फुगायचं, म्हणून डॉक्टरांना विचारून बडीशेप उकळून तिचं पाणीही त्यातूनच द्यायची. जिभेला त्याची चव कळायची नाही. पाच महिने असे गेले आणि एका दुपारी ते गेले.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी वाफा उपटायला बसले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "झाडावर कशाला राग काढतीस गं?"

मी पुढचं रोप धरलं. मुळं खोल गेली होती. उपटता उपटता ऊन कललं.