मी रसायनशास्त्र विचारलं होतं

मी रसायनशास्त्राची अडचण घेऊन गेले होते. मॅडमनी मला साबण दिला.

नवाकोरा साबण. वरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. बिदरच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात एक आधार केंद्र आहे. अभ्यासात मागे पडलेल्या आणि मनाने खचलेल्या मुलींना तिथे आधार मिळतो, असं प्रवेशाच्या दिवशी सांगितलं होतं. तास सुटल्यावर एका खोलीत सतरंजीवर गोल करून बसायचं, आणि मॅडम एकेकीला विचारणार, "बोल बेटा, काय अडलंय?" मी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला होते. म्हणजे अकरावीला, सायन्सला. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले.

"केमिस्ट्रीतलं काहीच कळंना झालंय. शाळेत मराठीतून शिकले मी. हितं सर इंग्रजीतून भरभर सांगून जायलेत."

मॅडमनी मान हलवली. मग विचारलं, "संतपूरची ना तू? घर कुठल्या बाजूला?"

"विहाराजवळ."

"अस्सं."

एवढंच म्हणाल्या. टेबलाचा खण उघडला. साबण काढला आणि माझ्या तळहातावर वरून सोडला, बोटाला बोट लागू न देता. "रोज आंघोळ करत जा, बेटा. अंग स्वच्छ असलं की मन लागतं. मन लागलं की अभ्यास आपोआप येतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा गोल हसला. मॅडमनी हसणाऱ्या पोरींना दटावलं. "हसू नका गं. तिला घरी हे कोण सांगणार?"

हसण्यापेक्षा ते दटावणं जास्त लागलं. आणि मी काय म्हणाले? "थँक्यू, अक्का." त्यांना मॅडम म्हटलेलं आवडायचं नाही. मी तुमची मोठी बहीण, मला अक्का म्हणा, असा त्यांचा आग्रह. साबण दप्तरात टाकला आणि खाली बसले. रसायनशास्त्र जिथल्या तिथे राहिलं.

बाई वाईट होती असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. आवाज गोड. कुणावर हात उगारला नाही कधी. बसवण्णांच्या समतेवर बोलायला लागल्या की डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या, आणि ते पाणी खरं असायचं. मैलूरहून स्वतःची गाडी चालवत यायच्या. वाटेत पायी जाणारी मुलगी दिसली तर थांबून गाडीत घ्यायच्या. मी दिसूनही मला कधी घेतलं नाही. मला वाटायचं, दिसले नसेन.

त्यानंतर मी अंग घासायला लागले. हॉस्टेलच्या नळावर सगळ्यांच्या आधी, गार पाण्याने. सकाळी एकदा, कॉलेजातून आल्यावर पुन्हा. मान, काखा, कोपरं. काथ्या घेऊन घासायची. वर्गात खिडकीशी बसायची, म्हणजे वारा माझ्यावरून बाहेर जाईल. कुणी नाकाला रुमाल लावला की मी आणखी खिडकीकडे सरकायची. मुलींनी माझं नाव साबण ठेवलं. हाक मारली की मी वळूनही बघायची. इतकं ते अंगवळणी पडलं.

आधार केंद्रात वेगळंच सुरू झालं. दर शनिवारी मन मोकळं करायचा तास. बाकीच्या पोरी सांगायच्या, आई मोबाइल देत नाही, भाऊ जाऊ देत नाही. माझ्याजवळ आलं की मॅडमचा आवाज आणखी मऊ व्हायचा. "सांग ना. अप्पा पितात का? मारतात का? लाजू नकोस."

माझे अप्पा बस कंडक्टर आहेत. साधी सुपारी खात नाहीत. घरी थोडं शेत आहे, सोयाबीन होतं, तूर होते. माय शेत बघते. घरात भांडण झालंच तर टीव्हीवर काय लावायचं यावरून. हे मी सांगितलं. मॅडमना पटलं नाही. मला दुःख असायलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलेलं होतं. मी गप्प बसायला लागले, तर त्या म्हणाल्या, "बघा, किती दाबून ठेवलंय पोरीनं." गणितात मी वर्गात वरच्या मुलींत होते. त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

सुट्टीला गावी गेले तेव्हा मायने माझे हात बघितले. कोपरापासून लाल, ठिकठिकाणी सोललेले.

"कामून गं एवढं घासायलीस? कातडं काढायलीस का काय?"

"डास चावलेत," म्हणाले.

खरं सांगितलं ते हॉस्टेलच्या खोलीतल्या नसीमला. ती हुमनाबादची. एक दिवस पहाटे ती नळावर आली, मला काथ्याने मान घासताना बघत उभी राहिली. विचारलं तसं सगळं सांगून टाकलं. साबणाचं, वासाचं, खिडकीचं. ती हसेल असं वाटलं. ती चिडली.

"अगे पागल, ऊ दिन अपना प्रॅक्टिकल था ना! बाजू के टेबल पे सीनियरां गॅस छोडे थे, सडे अंडे की बास. पूरे बॅच के कपड्यां कू आरी थी. मेरे ओढनी कू बी आरी थी. मेरे कू कायकू नै दिये साबन?"

मी काथ्या खाली ठेवला.

खरंच की. त्या दिवशी गोलात नसीम माझ्या शेजारीच बसली होती. तिला नाही दिला. कुणालाच नाही दिला. मला घर कुठल्या बाजूला ते विचारलं आणि मग दिला. वास माझ्या अंगाला नव्हताच. वास पत्त्याला होता. आणि मी खुळी, इतके दिवस नळाखाली बसून जात धुवायला निघाले होते. स्वतःच्या हाताने. स्वतःचं कातडं सोलून. मला रडू नाही आलं. राग आला. मॅडमचा आला, त्याहून जास्त माझ्या त्या थँक्यूचा आला. उरलासुरला साबण नसीमने कपडे धुवायला घेतला आणि संपवून टाकला.

मग एक दिवस मॅडमनी अप्पांना बोलावून घेतलं.

अप्पा ड्यूटीवरून तसेच आले, खाकी कपड्यांत. गाडीत गावचा पाटील चढला तरी त्याच्यासमोर उभं राहून "तिकीट" म्हणणारा माझा बाप. तो त्या खोलीत हात जोडून उभा होता. खुर्ची रिकामी होती. बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तोही बसला नाही.

मॅडम गोड आवाजात बोलत होत्या. "मुलगी चांगली आहे हो. पण तिच्यावर फार ताण येयलाय. केमिस्ट्री जमत न्हाई. तुमच्यातल्या मुलींना सायन्सचं ओझं झेपत न्हाई, मी बघितलंय ना इतक्या वर्षांत. आत्ताच आर्ट्सला घाला. तिच्या भल्यासाठीच सांगायलेय."

अप्पा म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हंताव तसं करू."

संपलंच होतं सगळं. दोन वाक्यांत माझं सायन्स गेलं होतं, तेही किती मायेनं. तरी बोलले.

"न्हाई, अप्पा. मी आर्ट्स घेणार न्हाई."

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या. "हाच तो ताण."

"ताण न्हाई, मॅडम." अक्का हा शब्द तोंडातून आलाच नाही. "मी तुमच्याकडं केमिस्ट्री विचारायला आलते. तुमी मला साबण दिलाव. केमिस्ट्री मला अजून कुणी शिकवलीच न्हाई. आधी शिकवा. मग जमली न्हाई तर बोला."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "कसला साबण?"

मी सांगितलं. मॅडमच्या समोर, त्यांच्याच खोलीत, पहिल्यापासून. घर कुठल्या बाजूला, इथपासून. मॅडम मध्येच म्हणाल्या, "अहो, मी प्रेमानं दिला हो."

अप्पांचे जोडलेले हात सुटले. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं केलं त्यांनी. "मॅडम, माझी पोरगी आंघोळ केल्याबिगर दाराभाईर पाऊल टाकत न्हाई. तिची माय टाकू देत न्हाई. ती सायन्सच शिकंल."

"मग पुढं आमच्याकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका," मॅडम म्हणाल्या. गोडवा तेवढ्यात सरला होता.

बाहेर आल्यावर अप्पा मलाच रागावले. "आधी कामून सांगितलीस न्हाई?" आणि थोडं चालून गेल्यावर, हळू आवाजात, "आता तुला तरास देतील गं." त्यांची उदगीरची गाडी लागली होती. मागे न बघता ते स्टँडकडे गेले.

त्रास दिलाच. आधार केंद्रात माझं नाव उद्धट झालं. मी मराठी शाळेतून आलेल्या आणखी काही पोरींना गोळा केलं, नसीमलाही घेतलं, आणि आम्ही प्राचार्यांकडे गेलो. शनिवारच्या त्या तासाला केमिस्ट्रीचे सर पाठवा, म्हटलं. प्राचार्य म्हणाले, "शिकायला आलाव का राजकारण करायला?"

"शिकायलाच, सर. म्हणून तर मास्तर मागायलोत."

सर यायला लागले. मनापासून शिकवत नाहीत. घड्याळ बघत फळ्याशीच बोलतात. तरी आम्ही समोर बसतो, आणि समजलं नाही की हात वर करतो, पुन्हा करतो, ते वैतागेपर्यंत करतो. मॅडम व्हरांड्यात भेटल्या तर मान वळवतात. मी वळवत नाही.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर आली आहे, आणि माझं रसायनशास्त्र अजून कच्चं आहे. जिंकले वगैरे असं मला काही वाटत नाही. राग आहे तसाच आहे, तो विझू द्यायचा माझा विचारही नाही. नापास झाले तर रसायनशास्त्रात होईन, आणि पुन्हा बसेन. पण मला काय झेपतं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार यापुढे कुणालाही देणार नाही. प्रेमाने मागितला, तरी नाही.