हिरव्या पाटीखाली

ऑफिसात आगीच्या सरावाचा भोंगा वाजला की मी जिना उतरून थेट चहाच्या टपरीवर जायचो, ही माझी चूक. फाटकाजवळच्या हिरव्या पाटीखाली जमायचं, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला तो पोरखेळ वाटे. खरोखर धूर झाला तेव्हाही मी टपरीवरच होतो. पाटीखाली मी दिसलो नाही, म्हणून आमच्या मजल्याची माणसं मोजणाऱ्या शिंदेबाई मला शोधायला पुन्हा वर गेल्या. त्या धुरामुळे जिना चढताना त्यांना अजून धाप लागते.

आज सरावात त्यांचं बोट एकेका डोक्यावरून फिरत माझ्यापाशी थांबलं.

"आज चहा नाही वाटतं, साहेब?"

आपण नसलो तर कुणाच्या तरी मोजणीत एक माणूस कमी भरतो, हे मला किती उशिरा कळलं.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी माझ्यामुळे तुम्ही धुरात गेलात. मला माफ करा."