बिडी पेटवायची दोरी

पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य संपलं, तेव्हा सासऱ्यांनी औरंगपुऱ्यात चहाचं हॉटेल काढलं. ते गेल्यावर दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. एक हॉटेल आमचं, एक दिराचं. दारातली दोरी आमच्या वाटणीला आली. काथ्याची जाड दोरी, तिचं टोक दिवसभर धुमसत ठेवायचं. गिऱ्हाईक येताजाता त्यावर बिडी पेटवायचं. सकाळी ती दोरी पेटवणं माझं काम.

धाकट्या जावेनं दोरी लावली नाही, आत कुणाला बिडीही ओढू दिली नाही. तिला धुरानं ढास लागायची. मी म्हणायचे, ढोंग आहे. तिची गिऱ्हाइकं आमच्याकडं वळली तेव्हा मला बरंच वाटलं.

पुढं माझी सून गरोदर राहिली. सातव्या महिन्यात ती कांदे चिरायला जावेच्या हॉटेलात जाऊन बसू लागली. सून माझी, कांदे माझे, आणि चिरायचे तिथं! भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू यायचं. माझ्याशी ती कधी तशी हसली नाही.

एक दिवस मी जाऊन उभी राहिले. "काय गं, काकूनं जादू केली का तुझ्यावर?"

सून मान खाली घालून म्हणाली, "नाय आत्याबाई. आपल्याकडं धूर लई होतो. पोटात कसंतरीच होतंय."

"मला नाय होत? तीस वर्षं बसले त्या धुरात."

"मग तुम्हीबी या बाई इकडं," जाऊ म्हणाली. "पाट टाकते."

मला ते झोंबलं.

नवरा म्हणायचा, "गिऱ्हाइकाला बाहेर जा कसं म्हणायचं? त्याची बिडी, त्याची छाती." उत्तर मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक चहा पिऊन जातं, धूर आम्हाला ठेवून जातं. पोटातल्या लेकराला तर कुणी विचारलेलंच नसतं. पण बोलले नाही. जावेचं म्हणणं खरं ठरलं असतं.

नात झाली. रांगायला लागली तशी सून तिला दिवसभर भिंतीपलीकडंच ठेवायची.

ती चालाबोलायला लागली तेव्हा सरकारनं हॉटेलात बिडी ओढायला बंदी केली. नवरा दंडाला भ्याला, दोरी निघाली. गिऱ्हाइकं चार दिवस कुरकुरली, मग बाहेर ओढून आत येऊ लागली. एवढं सोपं होतं ते.

मी सुनेला म्हणाले, "आता आण पोरीला. धूर नाय."

तिनं आणून माझ्या मांडीवर बसवली. पोरीनं इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "आजीकडं जायचं."

"अगं, आजी मीच."

"नाय. ती आजी."

जाऊ दारातच उभी होती. पोर तिच्याकडं पळाली.

कायदा आधी आला असता तर नात माझ्याकडं वाढली असती, असं मी लोकांना सांगते. पण दोरी काढायला कायदा कशाला लागत होता? रोज सकाळी ती मीच तर पेटवत होते.