तिठ्यावरची बाटली

आमच्या डॉक्टरीणबाई अफू खाणाऱ्याला ‘अहो’ म्हणत आणि मला ‘अरे’. मी तळेगावचा, मॅट्रिक झालेला, रोज इस्त्रीचा सदरा घालून येणारा कंपाउंडर. पण मान मिळे तो बाकावर जांभया देत, नाक पुसत बसलेल्या माणसाला. “या, बसा. काल झोप लागली का हो?” बाई विचारत. तो बिचारा इकडेतिकडे बघे, बाई दुसऱ्याच कुणाशी बोलतात की काय म्हणून. लोणावळ्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत आमचा दवाखाना होता. परवान्यावर मिळणारी अफू तेव्हा सरकार बंद करत आणत होतं आणि वर्षानुवर्षं खाणारी माणसं हवालदिल झाली होती.

“सोडा म्हणायला काय जातं? त्यांच्या शरीराला विचारलंय का कुणी?” हे बाईंचं ठरलेलं वाक्य. त्या अफूच्या अर्काचे थेंब साखरेच्या पाकात घालून देत आणि दर आठवड्याला थोडे थोडे कमी करत. मी बाटली भरायची आणि कागदाच्या पट्टीवर मात्रेच्या खुणा कापून ती बाटलीला चिकटवायची. थेंब कमी केले की बाई ते रोग्याला तोंडावर सांगत. गुपचूप कमी केले तर कुणाला कळणार आहे, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुणा कापायला लागलो.

कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवर राहणारे धोंडूआबा आमच्याकडे आले, ते अफूचं दुकान बंद झालं की आपण मरणार असं धरूनच. तरणेपणी लाकडाच्या मोळ्या वाहताना गोळी घ्यायची सवय लागली, ती राहिलीच. बाईंनी धीर दिला तेव्हा त्यांनी परवाना आणि घरात उरलेली गोळी, दोन्ही बाईंच्या टेबलावर ठेवली. आता आमची बाटली हाच त्यांचा आधार होता.

त्या दिवशी गर्दी होती आणि मला घाई. आबांच्या हातात पहिल्या आठवड्याची बाटली देत मी ऐटीत म्हणालो, “आबा, हा तुमच्या अफूवरचा उतारा. आजच सुरू करा.” आबांनी बाटली कपाळाला लावली आणि गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून धापा टाकत दवाखान्यात आली. “बाई, लवकर चला. आबांच्या पोटात पानी ठरंना. हातपाय गार पडल्यात.”

“औषध घेतात ना?”

“कुटलं औषद? उतारा म्हून ववाळून तिठ्यावर ठिवला की!”

मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, मोठ्यांदा फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, मला बाटली घ्यायला सांगितलं, आणि आम्ही मोटारीने कार्ल्यापर्यंत आणि तिथून चढणीने वाडीवर गेलो. पन्नाशीच्या बाई पुढे आणि मी मागे.

आबा गोधडीत मुटकुळं करून पडले होते. डोळे खोल गेलेले. तरी बाईंना बघून उठायला लागले. “तुमी सांगितलं तसंच केलं, बाई. लिंबू बी ठिवलं. मागं वळून न्हाई बगितलं.”

माझी मान खाली गेली. बाई जमिनीवर बसल्या. “आबा, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी. उतारा म्हणजे पोटात घ्यायचं औषध, हे मी नीट सांगायला हवं होतं.”

मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजून त्यांनी आधी निम्मीच मात्रा दिली, दुपारपर्यंत नाडी धरून बसल्या आणि मग उरलेली दिली. दिवस कलताना आबांनी पेज मागितली, तेव्हा त्यांची सून दाराआड जाऊन रडली. मीही रडलो असतो, पण सदरा इस्त्रीचा होता.

वर्षभराने आबांनी शेवटची बाटली संपवली. पुढे किती तरी वर्षं भातलावणीला ते चिखलात उभे असायचे आणि मला लांबूनच हाक मारायचे.

बाई लोणावळा सोडून भावाकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांचं सामान बांधता बांधता मी धीर करून विचारलं, “बाई, तो उतारा माझा होता. तुम्ही तुमच्यावर का घेतलात?”

“अरे, मी सांगून सवरून डॉक्टर. माझ्यावर रागावले असते तरी दुसरा डॉक्टर मिळाला असता,” पुस्तकांना दोरी आवळत बाई म्हणाल्या. “पण बाटली त्यांना दर आठवड्याला तुझ्याच हातून घ्यायची होती. तुझा हात त्यांना खोटा वाटून कसं चाललं असतं?”

त्यानंतर आयुष्यभर मी औषधं दिली. ज्यांनी ज्यांनी ती निर्धास्तपणे घेतली, त्यांना ठाऊक नाही, पण तो हात मला बाईंनी राखून दिलेला होता.