खुर्चीच्या हातावर टाकलेली शाल

सगळ्या पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली. आईची शाल तिच्या खुर्चीच्या हातावर टाकली.

सत्कार करणाऱ्या डॉक्टरांनी ती दोन बोटांत धरली होती. नारळ तर हातात दिलाच नाही. टेबलाकडे बोट करून म्हणाले, "नंतर घेऊन जा." थोड्या वेळापूर्वी हेच गृहस्थ माईकवर सांगत होते, "स्पर्शाने एड्स होत नाही. या आपल्या भगिनी आहेत." टाळ्याही पडल्या होत्या.

मीरा रोडला, पूनम सागर या बड्या वसाहतीतल्या हॉलमधली ही गोष्ट. तेव्हा मी एफवायला होते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून तिथलं सगळं मला खरं वाटायचं. एनएसएसच्या मॅडमनी एड्स जनजागृतीची मोहीम काढली आणि आमची बॅच भाईंदरला, खाडीकडच्या माझ्याच वस्तीत आणली. आमच्या दारात पथनाट्य झालं. निरोधची पाकिटं वाटली.

मी चाचरत विचारलं, "मॅडम, पूनम सागरलाही वाटू या ना?"

त्या हसल्या. "अगं, तिथे चांगली कुटुंबं राहतात."

मग आम्ही कोण? तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही.

बाबा टेम्पो चालवायचे. ते या आजाराने गेले, मग आईची तपासणी झाली. तिलाही निघाला. गोळ्या फुकट मिळायच्या, पण मुंबईच्या सरकारी इस्पितळात. दर महिन्याला ती जाऊन आणायची. कार्यक्रमाच्या आठवड्यात मात्र जुलाबांनी पार गळून गेली. मुंबई गाठणं शक्यच नव्हतं. सलाईन हवं होतं. जवळचं नर्सिंग होम याच डॉक्टरांचं. त्यांनी आईचे कागद पाहिले आणि म्हणाले, "इथे नको. माझे बाकीचे पेशंट पळतील."

आणि कार्यक्रमाचे अध्यक्ष तेच. मॅडमनी जुळवून आणलं. आईने स्टेजवर बसायचं, चार शब्द बोलायचे, मग डॉक्टर सलाईन लावतील. उभं राहता येत नव्हतं त्या बाईला. तरी आणली.

ओळख गुप्त राहावी म्हणून आईला तोंडावर पदर घ्यायला लावला. वस्तीचं नाव मात्र माईकवर दोनदा घेतलं. "अशा लोकांमध्ये अज्ञान फार," डॉक्टर म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकीकडे आई भांडी घासायची. पुढे तिने आईचं काम बंद केलं. म्हणजे पदराआडूनही ओळखलंच होतं.

आजी सांगायची, गावाला रत्नागिरीकडे तिला पाणी वरून ओतायचे. ओंजळ खाली, तांब्या वर. मला वाटायचं, संपलं ते. इथे एसी होता, बॅनर होता, छातीवर लाल रिबिनी होत्या. हात तोच होता. आजार फक्त निमित्त.

मी स्टेजवर गेले. शाल उचलून डॉक्टरांपुढे धरली.

"सर, आईच्या खांद्यावर घाला. बाकीच्यांना घातलीत तशी."

"बेटा, वेळ नाहीये."

"स्पर्शाने होत नाही, तुम्हीच म्हणालात ना?"

मॅडम दात आवळून म्हणाल्या, "नाटकं नकोत. तुझ्याच आईचं काम अडेल."

पदराआडून आई पुटपुटली, "गप गं पोरी. सलाईनचं बघ."

ते ऐकून माझ्या आतलं काहीतरी तुटलं. सलाईन हवं तर अपमान गिळा, असा यांचा समाजसेवेचा हिशेब.

डॉक्टरांचा हात पुढे आलाच नाही. भिंतभर डिग्र्या लावलेला माणूस एका शालीला घाबरला. माझी भीती तिथेच गेली. राहिली ती किळस.

शाल त्यांच्या टेबलावर ठेवली. माईक ओढला. "ही तुमची तुम्हालाच ठेवा. आई आता तुमच्या दवाखान्यात येतेय. पेशंट म्हणून."

टाळ्या वाजवायला आमच्या वस्तीतल्या बायका आणून मागच्या रांगांत बसवल्या होत्या. त्या उठल्या. कुणी आईला धरलं, कुणी रिक्षा थांबवली.

नर्सिंग होममध्ये मी आईला बाकावर बसवलं, बाकीच्या पेशंटच्या बरोबर मध्ये. सिस्टर म्हणाली, "डॉक्टर नाहीयेत."

"येतील. समाजसेवा आटपली की."

आईने तोंडावरचा पदर स्वतःच काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहत राहिली.

मी ठरवलं. सलाईन लागेपर्यंत हा बाक सोडायचा नाही. आणि यापुढे आमच्यातल्या ज्याला या दारातून परत पाठवतील, त्याला घेऊन इथेच येऊन बसायचं. पदर न घेता.