आईला आवडलेला कंटाळवाणा सिनेमा

मंडळी, या महिन्यातला तिसरा सिनेमा आज पाहिला आणि तिसऱ्यांदा जांभया दिल्या. आठवडाभर मिरजोळ्याच्या कारखान्यात उभं राहून पाय भरून येतात. म्हणून आज दुपारी आईला घेऊन गेले, निदान दोन तास हसू म्हणून.

सिनेमातली बाई अर्धा वेळ नुसती नवऱ्याच्या फोनची वाट बघत बसते. मध्यंतरात मी म्हटलं, "आई, चल घरी. ही काहीच करत नाही."

पडद्यावर जाहिराती चालल्या होत्या, तरी आई तिकडेच बघत होती. म्हणाली, "तुझे बाबा बोटीवर असायचे तेव्हा मी तरी काय करत होते गो? तुम्हाला जेवायला वाढायचं नि वाट बघायची."

बाबा वर्षातले नऊ महिने जहाजावर असायचे. आईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आज सिनेमात शेवटी तो फोन आला, तेव्हा ती पदराने डोळे पुसत होती.

रिक्षातून आम्ही दोघी मांडवीला घरी आलो. खरं सांगते, सिनेमा मला अजूनही संथच वाटतो. पण ते दिवस तिने कसे काढले, हे मी आजवर विचारलंच नव्हतं. तुमच्यापैकी कोणी आपल्या आईला विचारलंय?