गेटवरचं हळदीकुंकू

लेकीच्या वर्गातल्या एका बंगाली मुलीने एका सरांविरुद्ध छेडछाडीची तक्रार केली, तेव्हा तिच्या बाजूने दोघीतिघीच उभ्या राहिल्या. त्यात माझी लेक होती. मग मुली वाढत गेल्या. दुपारी कॉलेजच्या गेटपाशी सतरंजी टाकून बसायच्या. सरांना काढा, एवढंच मागणं. तक्रार करणारी मुलगी खेड्यातून आलेली, होस्टेलवर राहायची. आमच्या डमडमच्या घरी जेवायला आली की म्हणायची, “घरी कळलं तर माझं शिक्षण संपलं, काकिमा.”

संक्रांतीला लेक म्हणाली, “आई, यंदा हळदीकुंकू गेटवर कर ना. आयाही आमच्याबरोबर आहेत हे कॉलेजला दिसू दे.”

मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड उघडत नाही. पण हळदीकुंकवाला भाषण लागत नाही, म्हणून हो म्हटलं. ओळखीच्या मराठी बायकांना फोन केले. एक हसली, “आज गेटवर, उद्या हावडा स्टेशनवर करशील गं!” कोणीच आलं नाही.

मुलीच पुढे आल्या. तक्रार करणारी ती मुलगी म्हणाली, “काकिमा, मला नाही लावणार?” सगळ्या बघत होत्या. मी घाईत मोठी चिमूट उचलली आणि कुंकू तिच्या भांगात सांडलं. आमच्यात कुमारिकांनाही कुंकू लावतात, पण इथे बंगाल्यांत भांगात लाल म्हणजे लग्न. मी पदराने पुसायला गेले, तोवर कोणीतरी फोटो काढला होता.

फोटो तिच्या गावी पोचला. वडील तिला न्यायला आले. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, लग्नबिग्न काही नाही, ही आमची रीत आहे. त्यांनी हात जोडले.

“मला पटलं, दीदी. पण गावात घरोघरी काय सांगत फिरू? आणि ही तक्रार कसली?”

मुलीने बॅग उचलली. टॅक्सीत बसताना माझ्या लेकीला एवढंच म्हणाली, “तुम्ही उठू नका हं.”

पण तक्रार करणारीच गेली म्हटल्यावर चौकशी थांबली. हळूहळू मुली उठल्या, सतरंजीही उचलली गेली.

सर अजून शिकवतात. हजेरी भरावी लागते, म्हणून माझी लेक त्यांच्या तासाला बसते. मला ती एका शब्दाने बोलली नाही. सरांचा तास असतो त्या दिवशी डबा मात्र तसाच भरलेला परत येतो.